‘वाढतंय म्हणजे रेषीयच ना, काकू?’ : रेषीय-अरेषीय ओळखताना होणारा बिघाड आणि त्याची दुरुस्ती

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता वही न उघडताही आत काय चुकलंय ते सांगता येतं. घरीच शिकवणी घेते. सातवी ते नववी, एका वेळी सहा मुलं, जेवणाच्या टेबलावर. दिवाळीची सुट्टी संपली की हाच बिघाड दुरुस्तीला येतो. मूल नवं, चूक जुनीच.

आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकांत हा विषय सलग येत नाही. सातवीत समप्रमाण-व्यस्तप्रमाण, आठवीत चलन आणि चक्रवाढ व्याज, नववीत दोन चलांतली रेषीय समीकरणं, अशा तुकड्यांनी येतो आणि तुकडे जोडायचं काम मुलावर पडतं. अमेरिकेत आठवीच्या ‘कॉमन कोअर’ या शालेय आराखड्यामध्ये तो थेट ‘लिनिअर आणि नॉनलिनिअर फंक्शन’ म्हणून समोर येतो, त्यामुळे तिकडच्या भाचरांचे व्हिडिओ कॉलही मला याच प्रश्नासाठी येतात. फंक्शनला मराठीत फल म्हणतात. मी मुलांना गिरणी म्हणून सांगते: क्ष टाकला की य बाहेर पडतो, आणि तेच धान्य टाकलं की दर वेळी तेच पीठ पडायला हवं. वहीत एक्स-वाय असतील, मी इथे क्ष आणि य लिहिणार आहे.

लक्षणं

पुढच्यांपैकी दोन जरी दिसली तरी बिघाड हाच समजा.

दोन्ही रकाने वाढताना दिसले की मूल ‘रेषीय’ म्हणून मोकळं होतं. एक वाढतो आणि एक घटतो म्हटलं की ‘अरेषीय’, किंवा मान वाकडी करून ‘उलटं रेषीय’.

५, ८, ११, १४ अशी सारणी फटकन ओळखतं, पण क्षच्या रकान्यात १, २, ३, ४ च्या ऐवजी १, २, ४, ७ असलं की उत्तर चुकतं आणि का चुकलं ते त्याला कळत नाही.

य = २क्ष + ५ हे रेषीय नाही म्हणतं, कारण ‘शून्यातून जात नाही’.

आलेखावर बिंदू काढून पट्टीनं जोडतं आणि मग पट्टीनं काढलेल्या रेघांकडे बोट दाखवून म्हणतं, ‘सरळ तर आहे.’

दोन फलांपैकी जास्त वेगानं कोण वाढतं असं विचारलं की ज्याच्याकडे मोठी संख्या दिसते त्याचं नाव घेतं.

खालच्या तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. पहिलीला पेन्सिलही लागत नाही, आणि माझ्याकडची निम्म्याहून जास्त मुलं दुसरीपाशीच दुरुस्त होऊन जातात. म्हणून आलेखवही आणायला आधीच धावू नका.

१. शब्द कळलाय का?

एक मिनिटाचं काम. विचारा, ‘रेषीय म्हणजे काय? पुस्तकातलं नको, तुझं सांग.’

बहुतेक जण सांगतात, ‘ज्याचा आलेख सरळ रेषा येतो ते.’ उत्तर बरोबर आहे, पण समोर नुसती सारणी असताना त्याचा उपयोग शून्य. आलेख अजून काढलेलाच नाही, मग सरळ आहे की वाकडा हे कळणार कसं? म्हणून मूल अंदाज करतं, आणि अंदाज करताना ‘वाढतंय’ एवढंच त्याला दिसतं.

त्याच्या हाती दुसरं एक वाक्य द्यायला लागतं: क्ष सारख्या पावलांनी पुढे सरकला की यही दर पावलाला सारखाच बदलतो.

मी जिन्याचं सांगते. नव्या इमारतीच्या जिन्यात सगळ्या पायऱ्या एका मापाच्या, अंधारातही आपण मोबाईल बघत चढतो. जुन्या वाड्याच्या जिन्यात एखादी पायरी दोन बोटं उंच असते आणि नेमकी तिथेच ठेच लागते. ठेच न लागता चढता येतं ते रेषीय. पायरीची रुंदी म्हणजे क्षचं पाऊल आणि उंची म्हणजे यचा बदल, हेही तेव्हाच सांगून ठेवा. पुढच्याच तपासणीत लागणार आहे.

ही तपासणी वगळली तर पुढचं सगळं फुकट जातं. ‘वाढतं ते रेषीय’ ही मनातली व्याख्या तशीच राहिली तर मूल वजाबाक्या बरोबर करेल आणि शेवटी उत्तर तेच चुकीचं लिहील.

२. क्षचा रकाना बघितला का?

खरा बिघाड नव्वद टक्के वेळा इथे असतो. (टक्केवारी माझ्या टेबलाची आहे, कुठल्या अभ्यासाची नाही.)

ही सारणी द्या:

क्ष : १, २, ४, ७
य : ५, ८, १४, २३

मूल यच्या खाली ३, ६, ९ असे फरक लिहितं आणि ‘फरक सारखे नाहीत, अरेषीय’ म्हणून वही पुढे सरकवतं. मी काही बोलत नाही. यचा रकाना तळहातानं झाकते आणि विचारते, ‘आता इथले फरक सांग.’ एक, दोन, तीन. मग हात उचलते. क्ष एकनं सरकला तेव्हा य ३ नं वाढला, दोननं सरकला तेव्हा ६ नं, तीननं सरकला तेव्हा ९ नं. म्हणजे दर एकामागे तीनच. इथे काही मुलं ‘अर्रर्र’ म्हणतात. तो आवाज आला की समजायचं, गाडी सुरू झाली. (सूत्र य = ३क्ष + २ आहे, पण ते लगेच सांगायची गरज नाही.)

लगेच दुसरी द्या, नाहीतर मूल नवा चुकीचा नियम घेऊन घरी जातं:

क्ष : १, २, ४, ८
य : ३, ५, ७, ९

इथे यचे फरक २, २, २. एकदम शिस्तीत. आणि तरीही हे अरेषीय आहे, कारण पहिले दोन एका पावलात मिळाले, दुसरे दोन दोन पावलांत आणि तिसरे चार पावलांत. दर एकामागे २, मग १, मग अर्धा. जिन्याच्या भाषेत, पायऱ्यांची उंची सारखी आहे पण रुंदी वाढत चालली आहे. असा जिना वर वर जाताना सपाट होत जातो.

या दोन सारण्या शेजारी शेजारी ठेवणं महत्त्वाचं. पहिलीत फरक वेगळे पण रेषीय, दुसरीत फरक सारखे पण अरेषीय. एकच दिली तर मूल पाठ करतं, दोन दिल्या तर त्याला भागाकार करावाच लागतो: यचा फरक भागिले क्षचा फरक. दहावीत यालाच ‘चढ’ म्हणायला शिकतील. आत्ता ‘एकामागे किती’ पुरे.

पाठ्यपुस्तकांतल्या बहुतेक सारण्यांत क्ष १, २, ३, ४ असाच असतो, त्यामुळे त्या रकान्याकडे बघायची गरज कधी पडतच नाही, आणि सवय मोडते. दोष मुलाचा कमी आहे.

३. दोनच बिंदूंवर निकाल दिला का?

दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते. दोन पायऱ्यांवरून जिना पारखता येत नाही. किमान चार बिंदू घ्या म्हणजे तपासायला तीन फरक मिळतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आठवीच्या पुस्तकातच आहे, फक्त त्याकडे या नजरेनं कोणी बघत नाही. १०,००० रुपये, द.सा.द.शे. १०. पहिल्या वर्षअखेर सरळव्याजानं ११,००० आणि चक्रवाढव्याजानंही ११,०००. इथवर दोघं जुळे भाऊ. दुसऱ्या वर्षी एकाचे १२,०००, दुसऱ्याचे १२,१००. तिसऱ्या वर्षी १३,००० आणि १३,३१०. सरळव्याजाचे फरक १०००, १०००, १०००. चक्रवाढीचे १०००, ११००, १२१०.

आणि इथे हुशार मुलं अडकतात. ‘काकू, दरवर्षी दहा टक्केच वाढतंय की! सारखीच वाढ झाली ना?’ फार चांगली चूक आहे ही, हिला घाईनं पुसू नका. टक्के तेच आहेत, पण दहा टक्के कशाचे? पहिल्या वर्षी १०,००० चे, दुसऱ्या वर्षी ११,००० चे. सारखा पट आणि सारखी भर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर पावलाला तेवढीच भर पडली तर रेषीय. दर पावलाला तेवढ्याच पटीनं वाढलं तर आलेख वर वळत जातो. मुलाला वहीत ‘भर’ आणि ‘पट’ असे दोन रकाने करायला लावा आणि दोन्ही व्याजांची भर व पट लिहून घ्या. सरळव्याजात भर स्थिर राहते आणि पट १.१ वरून खाली घसरत जातो, चक्रवाढीत पट १.१ वर स्थिर राहतो आणि भर वाढत जाते. पाच मिनिटांचं काम आहे, पण नववीपर्यंत पुरतं.

४. शून्यातून जाण्याचा हट्ट

हा बिघाड समचलन नीट शिकलेल्या मुलांत जास्त दिसतो. क्ष दुप्पट झाला की य दुप्पट व्हायलाच हवा, नाहीतर रेषीय नाही, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं.

घरातला थर्मामीटर काढा. सेल्सिअसचं फॅरनहाइट करताना १.८ नं गुणून ३२ मिळवतात. ० ला ३२, १० ला ५०, २० ला ६८, ३० ला ८६, ४० ला १०४. दर दहा अंशांमागे १८, कुठेही ठेच नाही. आणि तरी १० चे २० झाले म्हणून ५० चे १०० झाले नाहीत, ६८ झाले. समचलन हे रेषीयच असतं, पण प्रत्येक रेषीय समचलन नसतं. आरंभबिंदूतून (क्ष ०, य ०) जाणं ही जास्तीची अट आहे.

५. घटतं ते सगळं सारखंच?

२० सेंटिमीटरची मेणबत्ती तासाला २ सेंटिमीटर जळते: २०, १८, १६, १४. रेषीय, फक्त उतरता जिना.

एक काम एका मजुराला १२ दिवस लागतं. दोघांना ६, तिघांना ४, चौघांना ३. घटतंय हेही, पण फरक ६, २, १. हे व्यस्तचलन, आलेख वक्र. दोन्ही सारण्या तोंडी म्हणून घेतल्या तरी भागतं. चढ-उताराचा आणि सरळ-वाकड्याचा काही संबंध नाही, एवढंच यातून निघायला हवं.

६. समीकरणातलं चिन्ह बघून उत्तर दिलं का?

‘वर छोटा दोन दिसला की अरेषीय’ हा नियम मुलं एकमेकांना शिकवतात. तो अर्धवट आहे आणि परीक्षा काढणाऱ्यालाही ते माहीत असतं. खालची समीकरणं एकेक करून द्या आणि प्रत्येकाला ‘का’ विचारा.

य = २²क्ष. वर्ग दोनचा आहे, क्षचा नाही. य = ४क्ष. रेषीय.

य = ३/क्ष. वर्ग कुठेच नाही, पण क्ष छेदात बसलाय. अरेषीय. याच्या शेजारी य = क्ष/३ ठेवा, ते रेषीय.

क्ष × य = १२. प्रत्येक चलाचा घात एकच, पण दोघं गुणाकारात गुंतलेत. वरच्या मजुरांचंच हे समीकरण. अरेषीय. (मधलं गुणिले गाळून दोन्ही अक्षरं जोडून लिहू नका. ‘क्षय = १२’ वाचून एका आजीनं खरंच विचारलं होतं, कोणाला झालाय.)

२क्ष + ३य = १२. य एकटा नाही म्हणून मुलं बिचकतात. रेषीय आहे.

य = (क्ष + १)² − क्ष². हा माझा आवडता. वर्ग एक सोडून दोन दिसतात, पण विस्तार केला की क्ष² क्ष² ला खाऊन टाकतो आणि उरतं २क्ष + १. म्हणून आधी सोपं रूप, मग निकाल.

य = ५. क्षच नाही, म्हणून मुलं पान उलटतात. दर पावलाला बदल शून्य, सगळीकडे सारखा शून्य. आडवी सरळ रेषा.

अडलं तर समीकरणाशी वाद घालत बसू नका. क्षला ०, १, २, ३ किमती द्या, सारणी करा आणि दुसऱ्या तपासणीकडे परत जा.

७. आलेख

आता आलेखवही काढा. हे वेळखाऊ आहे म्हणूनच इतक्या मागे ठेवलंय, आणि यात नवीन चुका शिरायला भरपूर जागा आहे.

पहिलं, पट्टी काढून घ्या. बिंदू काढेपर्यंत कंपासपेटी बंद. य = क्ष² चे बिंदू पट्टीनं दोन-दोन करून जोडले की मोडलेल्या काठीसारखं काहीतरी तयार होतं आणि मूल त्यातला प्रत्येक तुकडा दाखवून सरळ म्हणतं. बिंदू काढून झाल्यावर वही डोळ्यांच्या पातळीला धरून कडेनं बघायला सांगा, सुतार फळी बघतो तसं. बाक असेल तर दिसतो.

दुसरं, अक्षावरचे आकडे तपासा. मुलं सारणीतले क्ष जसेच्या तसे एकेका सेंटिमीटरवर लिहून टाकतात: १, २, ४, ८, मधली अंतरं सारखीच. मग वरची ती शिस्तीतली सारणी (३, ५, ७, ९) आलेखावर झकास सरळ रेषेत येते, आणि तुम्ही कितीही सांगितलं तरी मूल डोळ्यांवर विश्वास ठेवणार. चूक तीच आहे, क्षकडे दुर्लक्ष. फक्त आता ती कागदावर उतरली आहे. कोपऱ्यात ‘१ सेंमी = १ एकक’ लिहिलेलं असतं, पण पाळलेलं नसतं.

८. आकडे पूर्णांकात गुंडाळलेत का?

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगते. मुलांना मोजमापातून सारणी करायला द्यावी म्हणून मी चौरस कापले होते, बाजू ५ सेंमी, ५.१, ५.२ अशा ५.५ पर्यंत. क्षेत्रफळ काढा आणि जवळच्या पूर्णांकात लिहा, असं सांगितलं. उत्तरं आली २५, २६, २७, २८, २९, ३०. सहाही मुलांनी लिहिलं, ‘रेषीय’. आणि मी पाटीवर काय लिहिलं होतं? चौरसाचं क्षेत्रफळ अरेषीय असतं!

खरे आकडे २५, २६.०१, २७.०४, २८.०९, २९.१६, ३०.२५. फरक १.०१, १.०३, १.०५, १.०७, १.०९. बाक आहे, पण इतका बारीक की पूर्णांकात लिहिताना तोच कापला गेला. वर बाजूची कक्षाही अगदी अर्ध्या सेंटिमीटरची होती. वक्र रेषेचा चिमुकला तुकडा जवळून बघितला तर सरळच दिसतो. बाजू १, २, ३, ४ घेतली असती तर क्षेत्रफळ १, ४, ९, १६ आणि फरक ३, ५, ७, कोणालाही शंका आली नसती. त्याच चौरसाची परिमिती मात्र ४, ८, १२, १६, म्हणजे रेषीय. एकच चौरस, दोन प्रश्न, दोन उत्तरं.

तेव्हा प्रयोगातल्या किंवा मोजलेल्या आकड्यांवर ‘रेषीय’ म्हणण्याआधी दशांश परत आणा आणि क्षची कक्षा वाढवून बघा.

९. एकच फल, दोन स्वभाव

सगळी तपासणी करूनही एखादाच फरक फटकून वागत असेल तर हिशोब चुकला असं लगेच म्हणू नका.

पुण्यात सप्टेंबर २०२२ मध्ये लागू झालेला रिक्षाचा दर घ्या: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे प्रत्येक किलोमीटरला १७. सारणी अशी येते: १ किमी २५, २ किमी ३३.५०, ३ किमी ५०.५०, ४ किमी ६७.५०, ५ किमी ८४.५०. फरक ८.५०, १७, १७, १७. मुलं पहिला फरक खोडून ‘रेषीय’ लिहितात. खोडू नका, तो बरोबर आहे. दीड किलोमीटरपर्यंत भाडं हलतच नाही, आडवी रेषा. त्यानंतर १७ च्या चढाची रेषा. दोन्ही तुकडे सरळ, पण जोडलेला आलेख एका सरळ रेषेत नाही, म्हणून सगळं मिळून रेषीय नाही. दीडच्या पुढचा भाग १७क्ष − ०.५ असा लिहिता येतो. उणे अर्धा कुठून आला, हे मुलाला शोधू द्या, मजा येते. (मीटर खरं तर उड्या मारत चालतो, ते सध्या बाजूला.) घरचं वीजबिलही असंच: १०० युनिटांपर्यंत एक दर, पुढे वेगळा, आलेखाला प्रत्येक टप्प्यावर कोपरा.

१०. तुलना करताना काय मोजलं?

शेवटची आणि सगळ्यात अवघड. ओळखणं जमलं तरी तुलना फसते, कारण प्रश्नात एक फल समीकरणानं दिलेलं असतं, दुसरं सारणीनं आणि तिसरं नुसत्या शब्दांत.

तीन मैत्रिणी पैसे साठवतात. क्ष म्हणजे आठवडे. पहिलीचे य = ३०क्ष + २००. दुसरीची सारणी: २ आठवड्यांनी ९०, ४ नी १८०, ६ नी २७०. तिसरीकडे पहिल्या आठवड्याअखेर १ रुपया, आणि पुढे दर आठवड्याला होते त्याच्या दुप्पट.

‘वेगानं कोण साठवतं, पहिली की दुसरी?’ बहुतेक जण पहिली म्हणतात, कारण सहाव्या आठवड्यात तिच्याकडे ३८० आणि दुसरीकडे फक्त २७०. पण पहिली आठवड्याला ३० टाकते आणि दुसरी ४५. (दुसरीची सारणी दोनदोन आठवड्यांची आहे. ९० लिहून मोकळं झालेलं मूल परत तपासणी दोनकडे.) जवळ किती आहेत आणि किती वेगानं येताहेत हे दोन वेगळे प्रश्न. तेराव्या आठवड्यात अजून पहिली पुढे, ५९० ला ५८५. चौदाव्यात दुसरी पुढे, ६३० ला ६२०.

तिसरीला मुलं हसतात. नवव्या आठवड्यात तिचे २५६, तर पहिलीचे ४७० आणि दुसरीचे ४०५. दहाव्यात तिचे ५१२, पहिलीचे ५००, दुसरीचे ४५०. एका आठवड्यात तिनं दोघींना मागे टाकलं. आता विचारा, ‘तिसरी आठवड्याला किती साठवते?’ याला एक उत्तर नाहीच. कितव्या आठवड्यात, असा उलटा प्रश्न मुलानं विचारला तर त्या दिवशी शिकवणी तिथेच संपवा आणि त्याला खेळायला सोडा.

कधी थांबायचं

वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका झाल्या, दुसरी तपासणी समजावून झाली, आणि तरी चुका होताहेत, तर चुका कुठल्या त्या बघा. ५ − ८ किंवा ३/४ भागिले २ इथे हात अडत असेल तर बिघाड रेषीय-अरेषीयचा नाहीच. हा विषय बंद करून ऋण संख्या आणि अपूर्णांकांकडे जा. वरचा मजला पाडून पाया भरता येत नाही म्हणून लोक टाळतात, पण इथे पाडायला तसं काही लागत नाही, फक्त महिनाभर हा धडा बाजूला ठेवायचा.

पुस्तकातलं उत्तर आणि तुमचं उत्तर जुळत नसेल, विशेषतः य = ५ किंवा क्ष = ४ सारख्या ठिकाणी, तर मुलासमोर वाद घालू नका, वर्गशिक्षकांना विचारा. क्ष = ४ ही उभी सरळ रेषा आहे, पण एका क्षला अनेक य येतात म्हणून ती फल नाही, आणि कुठल्या इयत्तेत हा भेद कितपत धरायचा हे शिकवणारा ठरवतो.

मूल तोंडी सगळं बरोबर सांगतं, पण लिहिताना १२ चे २१ होतात, ओळ सोडून खालच्या ओळीतला आकडा उचलला जातो, आलेखाचे बारीक चौकोन मोजता येत नाहीत, असं सातत्यानं दिसलं तर शिकवणं थांबवा. आधी डोळे तपासून घ्या. चष्म्याचा नंबर निघाला आणि ‘गणित’ सुधारलं, असं माझ्या टेबलावर दोनदा झालंय. डोळे ठीक असतील तर शाळेच्या समुपदेशकांना भेटा आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायची का ते विचारा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी वेगळा विभाग आहे. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. हे निदान घरी करायचं नसतं, शिकवणीच्या काकूंनी तर नाहीच. गणिताच्या तासाआधी रोज पोटात दुखत असेल तरी तेच: आधी समुपदेशक, मग सारणी.

जाताना मुलाची वही घेऊन जा. खाडाखोड असलेली, जशी आहे तशी. फेअर करून नेऊ नका. तपासणाऱ्याला खोडलेलंच बघायचं असतं.